पिसावर वाजणारी तार

ऑक्टोबर लागला की आमच्या घरामागच्या शेतात रानहंस उतरतात. बटाटे काढून झालेले असतात, जमीन काळी, ओली, उघडी पडलेली असते, आणि एखाद्या सकाळी पडदा सरकवावा तर सगळं शेत करड्या पाठींनी भरलेलं. रशियाकडच्या बर्फातून येतात ते, इथे हिवाळा काढायला. स्कीपोल विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या घरघरीतूनही त्यांचा कलकलाट ऐकू येतो. हूफडॉर्पमधल्या आमच्या गल्लीतले डच लोक त्यांना बघून जाड कोट बाहेर काढतात, सायकलींचे दिवे तपासतात. मी मात्र बिघडते. चहा ठेवते आणि विसरते. मीटिंग चालू असताना उठून खिडकीशी जाते. फोनमध्ये हवामान बघते, ते इथलं नाही, लातूरचंही नाही. दक्षिण गोलार्धातल्या एका डोंगराळ गावाचं. तिथे आता वसंत सुरू झाला असेल. रात्री पाणी गोठत असेल आणि दुपारी ओढे वाहत असतील.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी लेसोथोत होते. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा एवढासा देश, सगळाच्या सगळा डोंगरात. मी पाण्याचं काम करते. जमिनीच्या पोटातलं पाणी कुठून कुठे जातं ते मोजते. ज्या देशात मी राहते तो पंप बंद पडले तर बुडेल, माझं स्वतःचं घर एका उपसलेल्या तळ्याच्या तळावर आहे. आणि मला पाठवलं ते अशा देशात जिथे सगळ्यात खोल दरीसुद्धा आपल्या सह्याद्रीच्या बऱ्याच माथ्यांइतकी उंच. तिथल्या डोंगरमाथ्यांवर पाणथळ कुरणं आहेत. वरून हिरवी गादी, खाली स्पंजासारखा काळा चिखल. त्या स्पंजातून थेंब थेंब पाझरून मोठ्या नद्या होतात. हे स्पंज वाळत चालले आहेत का, एवढंच मला बघायचं होतं.

मुलीची, मेत्ताची, शाळा चालू होती. निखिल, माझा नवरा, रोज ट्रेनने बेस्ट नावाच्या गावी कामाला जातो आणि अंधार पडल्यावर परततो. म्हणून लातूरहून बाबा आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पोळ्या करता येतात, वरण करता येतं, आणि नातीला शुद्धलेखन घालायचा उत्साह अजून आहे. मला निरोप देताना म्हणाले, "जा तू. आम्ही दोघं बघून घेऊ." मेत्ता म्हणाली, "वी विल बी फाइन, आई." ती मराठीतलं सगळं समजते आणि उत्तर कधीच मराठीत देत नाही.

दक्षिणेत दिशांची सवय मोडते. सूर्य उत्तरेकडून जातो. इथे माझ्या घराची उत्तरेची भिंत बारा महिने ओलसर, शेवाळलेली. तिथे म्हातारी माणसं उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून ऊन खात बसतात. पहिले काही दिवस मी रोज चुकत होते. सावली भलत्याच बाजूला पडायची आणि मी परतीच्या वाटेवर भलतीकडेच वळायचे.

मी राहिले ती पलेसाकडे. पलेसा गावच्या शाळेत शिकवायची, माझ्याहून थोडी लहान, मोठ्याने हसणारी. दगडी भिंतींची गोल खोली, वर गवताचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. तो वास नाकात गेला आणि माझी बॅग हातातच राहिली. इतक्या लांब येऊन हा वास भेटेल असं वाटलं नव्हतं. गावात आवाजही फार. दुकानासमोर उभ्या असलेल्या गाड्यांत दिवसभर अकॉर्डियनची गाणी ढणाढणा वाजायची. पलेसाचा शेजारी तेलाच्या डब्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून केलेली एकतारी घासत बसायचा. ती इतकी किरकिरायची की कुत्री उठून जायची. वर कुरणात गेलं की हे सगळं मागे पडायचं. तिथे फक्त वारा आणि बेडूक. दगडांच्या फटींतून गुबगुबीत, आखूड शेपटीचे उंदीर बाहेर यायचे आणि पोटं उन्हाकडे करून बसायचे, थेट त्या उत्तरेच्या भिंतीशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.

त्याच कुरणात न्ताते त्सेलिसो भेटले. न्ताते म्हणजे बाबा. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही. खांद्यावरून गुडघ्यापर्यंत जाड लोकरी घोंगडं, पायात रबरी बूट, डोक्यावर कानटोपी. त्यांच्या गाई त्या कुरणात चरायच्या आणि मी तिथे जमिनीत नळ्या पुरत होते, तेव्हा आमची गाठ पडणारच होती. एकदा पलेसासोबत वर गेले, तर ते दगडावर बसून तोंडाशी एक काठी धरून होते. काठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार, आणि एका टोकाला तार जिथे संपते तिथे एक चपटी पट्टी. ती पट्टी ओठांत धरून ते श्वास आत ओढत होते, बाहेर सोडत होते. तारेला हात लागत नव्हता. तार श्वासाने वाजत होती.

वाजत होती म्हणणं मात्र जास्त होईल. फुरफुर येत होती नुसती. त्यांनी थुंकून काठी खाली ठेवली.

"प्लास्टिक आहे," पलेसाने त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं. "बाटलीचं कापून लावलंय. म्हणतात, बाटली गात नाही."

"मग काय लावायचं असतं?"

न्तातेंनी वर बोट केलं. वर काहीच नव्हतं, नुसतं निळं आभाळ.

गिधाडाचं पीस. वाद्याचं नावच लेसिबा, म्हणजे पीस. गुरं राखताना हे वाजवायचं. गाई त्या आवाजाने शांत होतात, मागे येतात. न्तातेंचं जुनं पीस हिवाळ्यात तडकलं होतं. पूर्वी कड्याखाली चालत गेलं की पिसं पडलेली मिळायची. आता कड्यावर पक्षीच थोडे. भटक्या कुत्र्यांसाठी आणि कोल्ह्यांसाठी लोक मेलेल्या जनावरात विष घालतात, आणि कोल्हा यायच्या आधी गिधाड येतं.

गिधाड हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. बाबांनी मला पक्ष्यांची पुस्तकं आणून दिली होती, पण त्यातलं ते पान आम्ही दोघं उलटून पुढे जायचो. आमच्या वाडवडलांच्या वाट्याला गावचं मेलेलं जनावर ओढायचं काम होतं, आणि गावच्या लग्नात, मयतात, दवंडीला हलगी वाजवायचंही. धम्म घेतला तेव्हा वस्तीने दोन्ही सोडलं. मला इतकंच माहीत होतं. "आपण ते सोडलं," एवढ्या एका वाक्यात बाबा तो विषय उरकायचे, आणि त्या वाक्याच्या पलीकडे मी कधी गेले नाही. जायची गरजही वाटली नव्हती. मला शाळा मिळाली, कॉलेज मिळालं, डेल्फ्टचं विद्यापीठ मिळालं.

एका सकाळी पलेसा धावत वर आली. न्तातेंची एक गाय पाणथळात रुतली होती. हिवाळ्यात सुकून काटकुळी झालेली जनावरं वसंतात पहिल्या कोवळ्या गवतासाठी आत आत जातात. आम्ही पोचलो तेव्हा ती पोटापर्यंत चिखलात होती आणि हंबरतही नव्हती. गावातली माणसं दोर घेऊन आली, दोन घोडी आणली. मीही दोराला लागले. न्ताते तिच्या तोंडाशी चिखलात बसून होते, तिच्या नाकपुड्यांतला गाळ बोटांनी काढत, तिच्याशी एकसारखं बोलत. गाय निघाली. सगळ्यांनी आरोळी ठोकली. पण ती उठली नाही. दोनदा पुढचे पाय रोवले, दोन्ही वेळा गुडघे दुमडले. उन्हं डोक्यावर यायच्या आत ती गेली.

न्तातेंनी कानटोपी काढली आणि बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून राहिले. मग सुरी मागितली. मांस वाया घालवत नाहीत तिथे. घरोघरी वाटे गेले, कातडं वेगळं झालं. ते स्वतः सोलत होते, आणि त्यांच्यासोबत गावातले चांगले खातेपीते लोक बाह्या वर करून बसले होते. कुणी लांब उभं नव्हतं. लांब उभी होते ती मी एकटी.

"मळमळतंय का?" पलेसाने विचारलं.

"नाही."

"मग?"

काय सांगणार? हे काम माझ्या आजोबांनी अर्धा जन्म केलं आणि ते केलं म्हणून त्यांना विहिरीवर चढू दिलं नाही, हे तिला एका वाक्यात कसं सांगायचं? मी म्हटलं, "काही नाही. थंडी वाजतेय."

सगळे गेल्यावरही न्ताते तिथेच राहिले. वाऱ्याआड दगडाला टेकून घोंगडं लपेटून बसले, आणि कुत्री बांधून टाकली. उरलेल्या सांगाड्यात कुणी येऊन विष कालवू नये म्हणून ते राखण करत होते. पलेसाला घरी काम होतं, पण मी थांबले. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. त्यांनी थोडं बाजूला सरकून मला वाऱ्याआडची जागा दिली.

आधी एक ठिपका आला. मग तो एकटा नव्हता. पंख न हलवता ते खाली उतरत होते, गोल गोल, जणू कुणी वरून जिना बांधत आणत होतं. पहिलं गिधाड जमिनीवर टेकलं आणि धावलं तेव्हा मी दगडाआड आणखी सरकले. पुस्तकातल्या त्या उलटलेल्या पानावर ते एवढं मोठं नव्हतं. मान लांब, उघडी, डोळे पिवळसर, आणि पंखांचा आवाज ओली घोंगडी झटकावी तसा. भांडत होते, फिस्कारत होते, एकमेकांच्या पाठीवर चढत होते. किळस येईल असं वाटलं होतं. आली नाही. काय आलं ते मला अजून सांगता येत नाही. बघतच राहावंसं वाटत होतं, आणि आपण बघतोय याचा रागही येत होता.

ते उडून गेल्यावर न्ताते उठले. हाडांभोवती वाकून फिरले. बारकी पिसं वाऱ्यावर उडत होती ती त्यांनी सोडून दिली. मग एकदम खाली बसले आणि एक लांब, काळपट पीस वर धरून मला दाखवलं. हसले नाहीत. डोळे भरलेले होते आणि चेहरा मात्र एखाद्याला हवी ती वस्तू सापडल्यावर होतो तसा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी.

ओढ्यात धुऊन त्यांनी पिसाची दांडी सुरीने चिरली, दगडावर चपटी केली, काठीला बांधली. संध्याकाळी गाई उतरायच्या वेळेला वाजवायला बसले. तोवर पलेसाही आली होती. तो आवाज बासरीचा नाही, पेटीचाही नाही. घसा बसलेल्या माणसाने गुणगुणावं आणि त्याच्या मागे कुठेतरी मोठा पक्षी ओरडत जावा, असं काहीतरी. मधूनमधून न्ताते घशातून हुंकार देत होते. कुरणातल्या गाई माना वर करून थांबल्या आणि एकामागून एक चालत आल्या. मी पलेसाला विचारलं, फोनवर घेऊ का?

न्तातेंनी विचारलं, "कुठे नेणार?"

"माझ्या घरी. समुद्राच्या पातळीच्याही खाली आहे ते."

पलेसाने सांगितलेलं त्यांना पटेना. त्यांनी तिला दोनदा विचारलं, मग इतके हसले की घोंगडं खांद्यावरून घसरलं. "ने, ने," म्हणाले. "तिथे बुडू नको म्हणजे झालं."

नोव्हेंबरच्या शेवटी मी परत आले. इथे दुपारीच दिवे लागत होते. डोळ्यांत अजून उन्हाची तिरीप होती आणि सायकलवरून जाताना हातमोज्यांतली बोटं बधिर होत होती. शरीराला कुठल्या ऋतूत आहोत तेच कळत नव्हतं. बाबांनी पिठलं केलं होतं. जेवताना मेत्ता मागे लागली म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं.

"साउंड्स लाइक अ गूज विथ अ कोल्ड!" ती म्हणाली. बाबाही हसले.

"सर्दी झालेला हंस? बरोबर आहे तिचं. काय वाद्य आहे हे?"

मी सांगितलं. काठी, तार, गिधाडाचं पीस. मेलेली गाय.

बाबांचा घास हातातच राहिला. "बंद कर ते."

"बाबा, अहो…"

"मित्रा," त्यांनी मला नावाने हाक मारली, "बंद कर म्हटलं ना."

"व्हाय, आजोबा?" मेत्ताने विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वर खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, फिरून येऊ. आमच्या पोल्डरभोवती, म्हणजे त्या उपसलेल्या तळ्याभोवती, एक कालवा आहे. त्याचं पाणी रस्त्यापेक्षा उंचावरून वाहतं, होड्या आपल्या डोक्याच्या पातळीवरून जातात. बाबांना तो कालवा फार आवडायचा. टोपी, मफलर, वर माझा जुना रेनकोट. पहिल्या पुलापर्यंत होड्या मोजत चालले.

"गिधाडं दिसली की आम्हाला कळायचं," ते एकदम म्हणाले. "निरोप नंतर यायचा. कुणाचं ढोर मेलंय ते आधी आभाळात दिसायचं. मग तुझे आजोबा उठायचे. जेवत असले तरी."

मागून सायकल आली, मी त्यांना कडेला घेतलं.

"मेलेल्या ढोराला मालकाचं नाव. पाटलाचा बैल. सावकाराची म्हैस. पोरं आम्हालाही तेच म्हणायची. पाटलाच्या बैलाची पोरं आली. शाळेत. वर्गाबाहेर बसलेलो असायचो, तरी नाकाला हात लावायची."

"आणि हलगी?"

"ती जाळली. वस्तीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. आजोबांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातली. पेटताना कातडं तडतडतं, माहितेय तुला? आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या." ते थांबले, कालव्यातून एक लांबट होडी चालली होती तिच्याकडे बघत. "लोक आता म्हणतात, कला गेली. कुणी कुणी मला विचारतात, मास्तर, वाईट नाही वाटत? नाही वाटत. वाजव म्हटलं की वाजवायचं, थांब म्हटलं की थांबायचं, आणि वर उष्टं घ्यायचं. ती कसली कला? गिधाडं गेली गावातून, बरं झालं."

"ती औषधाने गेली, बाबा. गुरांना दुखण्यावर जे इंजेक्शन देतात त्याने."

"कशाने का असेना."

मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता आणि गप्पही बसवत नव्हतं. दगडाआडून पाहिलेले ते पंख डोळ्यांसमोर होते. ते जगातून जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं. आणि शेजारी चालणारा हा माणूस त्यांच्या सावलीखाली मोठा झाला होता. त्याला ते गेलेलेच बरे वाटत होते, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नव्हतं. दोन्ही एका मनात ठेवून चालायचं तर पावलं सरळ पडत नाहीत. अजूनही पडत नाहीत. या ऑक्टोबरात मी जी घरभर फिरतेय ती बहुतेक त्यामुळेच.

घर दिसायला लागल्यावर बाबांनी विचारलं, "त्या माणसाला कुणी सांगितलं होतं का? वाजव म्हणून?"

"न्ताते त्सेलिसोंना? नाही."

"सोलायला कुणी लावलं?"

"कुणी नाही. गाय त्यांची स्वतःची होती. गावातले सगळेच हात लावत होते. सरपंचासारखा एक माणूस आहे तिथे, तोही."

"आणि नंतर त्याला विहिरीवर?"

"घरोघर बोलावलं जेवायला, बाबा. गाय गेली म्हणून."

ते दारात थांबले. बूट काढायला वेळ लावला. मफलर खुंटीला अडकवला, पुन्हा काढून घडी केली.

"मग लाव परत," म्हणाले.

आम्ही सोफ्यावर बसलो. मेत्ता शाळेत होती. बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, कानाजवळ नेला आणि डोळे न मिटता पूर्ण ऐकलं. गाईंच्या खुरांचा आवाज, पलेसाचं हसणं, तो बसक्या गळ्याचा सूर, सगळं. संपल्यावर फोन मांडीवर ठेवला.

"स्वतःच्या गाईसाठी वाजवतोय तो."

"हो."

"काय नाव होतं तिचं?"

मला माहीत नव्हतं. इतके दिवस तिथे राहिले, तिच्या दोराला हात लावला, आणि विचारलं नव्हतं. मी तिथेच बसून पलेसाला निरोप पाठवला. वरच्या कुरणात फोनला रेंज नसते. उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. बाबा मटार सोलत होते. मी वाचून दाखवलं: न्ताते खुशाल आहेत, पीस अजून चांगलं वाजतंय, आणि गाईचं नाव नालेली.

"म्हणजे?"

"तारा."

बाबांनी हातातली शेंग तशीच ठेवली. "चांदणी म्हण की," म्हणाले. "गाईला चांदणीच म्हणतात."